'दारू सोडवायची पावडर आमटीत गुपचूप घाला' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझ्या आत्याने मला एक मेसेज फॉरवर्ड केला आणि खाली विचारलं, "मागवू का गं ही? यांना कळणार नाही म्हणतायत." आतोबांना शुगर आहे, हृदयात स्टेंट आहे, आणि रोज संध्याकाळी क्वार्टर लागते. मेसेज बहुतेक तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. त्यात म्हटलंय की ही पावडर चहात नाहीतर आमटीत मिसळा, चव नाही, वास नाही, पिणाऱ्याला पत्ता लागणार नाही. 7 दिवसांत दारू कायमची सुटते. पूर्ण आयुर्वेदिक, साइड इफेक्ट शून्य. वर प्यायलाच तर उलट्या होतील, घाबरू नका, औषध लागू पडल्याची खूण आहे. आणि शेवटी, डॉक्टर आणि व्यसनमुक्ती केंद्रं नुसते पैसे उकळतात.

मी मेडिकलच्या काउंटरवर असते. "दारू सोडायची गोळी द्या, पण त्यांना सांगायचं नाहीये" असं हळू आवाजात विचारणाऱ्या बायका माझ्याकडे येत असतात आणि त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही, त्या सगळं करून थकलेल्या असतात. राग आहे तो त्यांच्या थकण्यावर धंदा करणाऱ्यांवर.

आधी 'गुपचूप' हा मुद्दा घेते, कारण याच्यात माणूस मरू शकतो.

प्यायल्यावर उलटी करवणारं खरं औषध आहे, त्याचं नाव डायसल्फिराम. डेन्मार्कच्या संशोधकांनी 1948 साली त्याचा हा उपयोग जगासमोर मांडला, तेव्हापासून ते वापरात आहे. दारू पोटात गेली की लिव्हर तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करतं आणि मग लगेच त्याची विल्हेवाट लावतं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी बंद पाडतं. मग ते विष रक्तात साठत जातं, चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, घाम, उलट्या, बीपी पडतं. जास्त झालं तर हृदयाचे ठोके बिघडणं, हार्ट अटॅक, फिट, बेशुद्धी, मृत्यू, हे सगळं त्या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात लिहिलेलं आहे.

त्याच माहितीपत्रकात, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने) मान्य केलेल्या, सगळ्यात वर चौकटीत एक इशारा छापलाय. पेशंट नशेत असताना, किंवा त्याला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय, हे औषध कधीही देऊ नये. आणि पुढे असंही लिहिलंय की डॉक्टरांनी नातेवाइकांना तशी सूचना द्यावी. म्हणजे घरचे लोक हे लपवून देतील ही भीती औषध बनवणाऱ्यांना आणि मंजूर करणाऱ्यांना आधीपासून होती, म्हणून तर ते चौकटीत टाकलं. मेसेज नेमकं तेच करायला सांगतोय.

आता आतोबांचंच धरा. शेवटच्या घोटानंतर निदान 12 तास गेल्याशिवाय पहिली गोळी द्यायची नसते. जो माणूस रोज पितो आणि ज्याला काही माहीतच नाही तो 12 तास थांबणार कशासाठी? दुपारी आमटीतून औषध गेलं, संध्याकाळी नेहमीसारखा ग्लास भरला, आणि गंभीर हृदयविकार असलेल्यांना तर हे औषध द्यायचंच नसतं. छातीत दुखायला लागलं म्हणून कॅज्युअल्टीत नेलं तर तिथला डॉक्टर काय विचारणार? "काही गोळ्या चालू आहेत का?" पेशंट म्हणणार, शुगरच्या आणि हार्टच्या, बास. खरं उत्तर एकट्या बायकोलाच माहीत असतं आणि ती तेव्हा घाबरून गप्प बसलेली असते.

आणि समजा तेवढं गंभीर झालं नाही, नुसत्या उलट्या-जुलाब झाले, तर माणूस गल्लीतल्या डॉक्टरकडे जाणार आणि तो अगदी साध्या मनाने मेट्रोनिडॅझोल लिहून देणार, आपल्याकडे पोट बिघडलं की सर्रास देतात ती गोळी. डायसल्फिराम चालू असताना मेट्रोनिडॅझोल घेतलं तर भ्रम होतो, माणूस वेड लागल्यासारखा वागू शकतो, म्हणून ही जोडी देऊच नये असा नियम आहे. डॉक्टरला कळायचा मार्गच तुम्ही बंद करून ठेवलाय.

'उलट्या झाल्या तर घाबरू नका' हे वाक्य लिहिणाऱ्याला तर मला समोर बसवून विचारायचंय. उलटी, धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर घाबरायचं आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. बाकी उत्तर नाही.

साइड इफेक्ट शून्य? पाकिटात काय आहे ते पाकिटावर धड लिहिलेलं नाही, मग शून्य कुणी मोजले? आणि जर दारू प्यायल्यावर उलटी होते हा त्यांचा दावा खरा असेल तर आत डायसल्फिरामसारखं काहीतरी असणार, आणि नसेल तर दावा खोटा. दोन्हीकडून फसवणूकच. खऱ्या डायसल्फिरामने क्वचित का होईना लिव्हरला जीवघेणी सूज येऊ शकते, म्हणून आधी लिव्हरची टेस्ट करतात आणि 10 ते 14 दिवसांनी परत करतात. हातापायाला मुंग्या येतात, झोप येते, डोळ्यांच्या नसेला त्रास होऊ शकतो. गोळी घेणाऱ्याला कफ सिरप, आफ्टरशेव्ह, व्हिनेगर घातलेले पदार्थ यांतल्या अल्कोहोलपासूनही जपावं लागतं. आपल्याकडे त्यात आसव-अरिष्टं पण आली, द्राक्षासव, दशमूलारिष्ट वगैरे, ती आंबवूनच करतात आणि त्यातल्या अल्कोहोलचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं. ज्याला माहीतच नाही तो हे सगळं कसं टाळणार?

7 दिवसांत कायमची सुटते, हे तर धडधडीत खोटं. डायसल्फिरामने पिण्याची इच्छा कमी होत नाही. त्याचं काम एवढंच की सकाळी गोळी घेतली म्हणजे आज प्यायचं नाही हा निर्णय सकाळीच होऊन जातो, संध्याकाळी मनाशी भांडत बसावं लागत नाही. 2014 मध्ये 22 चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, त्यात दिसलं की आपण डायसल्फिराम घेतोय हे लोकांना माहीत होतं तिथे फायदा झाला, आणि कोण काय घेतंय हे झाकून ठेवलं होतं तिथे फरक दिसला नाही. माहीत असण्यातच त्या गोळीचा निम्मा गुण आहे, आणि मेसेजवाले तोच काढून घ्यायला सांगतात.

आणखी एक, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी अचानक तोडली (उलटीच्या भीतीने का होईना) तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम, ताप, थरथर, त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात माणूस दगावतो. म्हणून आधी डॉक्टरच्या देखरेखीखाली दारू उतरवतात, फिट आणि थरथर टाळायला लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड देतात, थायमिन म्हणजे बी-1 व्हिटॅमिन देतात, आणि मग डायसल्फिरामचा विषय निघतो.

आता जे खरं आहे ते मान्य करावं लागेल. मेसेजमधे 'घरच्या बाईच्या हातून औषध' असं एक वाक्य आहे, ते निम्मं बरोबर आहे. घरचं माणूस रोज समोर उभं राहून गोळी देतं तेव्हा हे औषध खरंच चांगलं चालतं. मुंबईत 100 पुरुषांवर वर्षभराचा अभ्यास झाला होता, 2004 साली छापून आला, डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी 86 टक्के वर्षअखेर पुन्हा दारूकडे वळले नव्हते, नाल्ट्रेक्सोन या दुसऱ्या औषधावर 44 टक्के. पण ते सगळे उपचारासाठी स्वतःहून तयार झालेले होते, घरचे सोबत येत होते. (नाल्ट्रेक्सोनने तलफ जास्त कमी झाली होती, म्हणून कुणाला कुठलं औषध ते डॉक्टरनेच ठरवायचं.) म्हणजे आत्याने गोळी आपल्या हाताने द्यावी, जरूर द्यावी, पण आतोबांनी हात पुढे केल्यावर. आणि त्यांच्या हृदयाकडे बघता डायसल्फिराम त्यांच्यासाठी नाहीच, त्यांना दुसरं काहीतरी बघावं लागेल.

पैसे उकळतात म्हणे. काही ठिकाणी उकळत असतील, मारहाण करणारी केंद्रंही आहेत, चौकशी करूनच जा. पण सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जास्त पैसे लागत नाहीत, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय, एए च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंगला फी नसते, आणि 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. पिणारा यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या जा, घरच्यांशीही ते बोलतात.

आणि ज्यांनी पावडर आधीच घातलीय त्यांच्यासाठी. आजपासून बंद करा आणि त्याला सांगा, भांडण होईल, होऊ दे. आत डायसल्फिराम असेल तर बंद केल्यावरही 14 दिवसांपर्यंत दारूशी रिअ‍ॅक्शन येऊ शकते, त्यामुळे तेवढे दिवस एक घोटसुद्धा धोक्याचा आहे हे त्याला कळलंच पाहिजे. पण रोजचा पिणारा असेल तर घरच्या घरी एकदम बंद करायलाही लावू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन जा. पाकीट फेकू नका, सोबत न्या.