एक आवर्तन, एक रुपया

अभंगाआधी पेटीची सहा आवर्तनं, म्हणजे तालाचे सहा पूर्ण फेरे, वाजवायचे, म्हणून महिनाभर घासली होती. परवा बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका स्टुडिओत त्यातली चार कापली गेली. वाचले किती? चार रुपये.

हा हिशेब आमच्या भजनी मंडळाच्या खजिनदार मामांचा. स्टुडिओचं भाडं तासाला ६०० रुपये. रेकॉर्डिंगवाल्या पोरानं लय धरायला क्लिकची टिकटिक लावली, मिनिटाला ८० मात्रांची. मामांनी पावतीच्या पाठीवर पेन्सिल चालवली आणि जाहीर केलं, "मिनिटाला दहा रुपये. ८० मात्रा म्हणजे आठ मात्रांच्या भजनी ठेक्याची दहा आवर्तनं. एक आवर्तन, एक रुपया बघ!"

गणित चोख होतं, तीच तर पंचाईत. त्यानंतर मामा समेवर मान डोलवायचं सोडून बोटं मोजायला लागले. बुवांनी 'विठ्ठला'वर जरा आलाप घेतला, की काचेपलीकडं मामांचे ओठ हलायचे, "चार... पाच..." बुवांचा विठ्ठल तिथंच आटपायचा.

"हे १६० वर लाव की गा, निम्म्यात होतंय."

"अभंग आहे मामा," मी म्हटलं.

"मग १२० वर. तुझं नको, माझं नको."

टेक ऐकायला बसलो तर, "ऐकायचे पण पैसे?" मधे लाईट गेली तेव्हा तेवढे खूश झाले. गेल्याची वेळ लिहून घेतली, आल्याचीही.

मग मिक्सिंग. पखवाजावर मामांचा भाचा. पोरगा म्हणाला, सहा डेसिबल वाढवतो.

"सहाचे किती?"

"काय नाही, फुकट."

"मग वीस लाव की!"

सहा डेसिबलला लाटेची उंची दुप्पट होते, विसाला दहापट. पोरानं सांगून बघितलं. पण फुकट म्हटल्यावर ऐकतंय कोण? मीटर लाल झालं, पखवाजाचा आवाज फाटला. माझी उरलेली दोन आवर्तनं त्याखाली कुठंतरी आहेत, असं म्हणतात.

पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या बेळगावात पेटीची ही किंमत! गणपतीच्या डीजेला हेच मामा न मोजता नोटा काढून देतात, तेव्हा मात्रा आठवत नाहीत. तिथं छाती धडधडली की पैसे वसूल.

परतताना मंडळाच्या खात्यातून अर्धा किलो कुंदा घेतला. मी मनातल्या मनात आवर्तनं मोजली. माझी चार त्यात कितीदा तरी बसत होती.