आधी तिला विचारा, मग तिकीट काढा

लेकीला घेऊन परदेशात जाऊन आलो हे कळल्यापासून मेसेंजरवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: कसं जमवलंत? विचारणाऱ्या बहुतेक आयाच. कुणाचा मुलगा पंचविशीचा, ऑटिस्टिक. कुणाची मुलगी व्हीलचेअरवर. आणि जवळपास प्रत्येकीला हवं असतं ते ‘त्याला प्रवासासाठी तयार कसं करायचं’. माझं मत इथंच वेगळं पडतं. मुलांना तयार करण्यामागे आपण फार लागतो. त्यापेक्षा सहल त्यांच्या मापाची करावी.

माझी लेक २६ वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही), थोडं अंतर वॉकरनं चालते, बाहेर व्हीलचेअर. पण पायांपेक्षा तिला जास्त छळते ती अँग्झायटी, म्हणजे सततची चिंता. आता वय मुद्दाम सांगितलं, कारण तेच लोक विसरतात. २६ वर्षांच्या कुठल्या बाईला आपण ‘सरप्राइज, परवा निघायचंय’ असं सांगून विमानात बसवू? आमच्या एका नातलग आत्यांचा सल्ला होता, तिला आधीपासून सांगू नका, उगाच महिनाभर काळजी करत बसेल. काळजी ती करणारच. महिनाभर केलेली काळजी पुरवली, पण विमानतळाच्या दारात एकदम आलेली नको.

म्हणून ठिकाण ठरवतानाच तिला मत. नुसतं विचारल्यासारखं करायचं आणि मग आपलंच रेटायचं, तसं नाही. तिचं ‘नाही’ म्हणजे नाही. नवऱ्याच्या मनात व्हेनिस होतं. तिनं व्हिडिओ बघितले, पुलापुलावर पायऱ्या दिसल्या, विषय संपला. लंडनवर बराच काथ्याकूट झाला. तिथल्या सगळ्या बसना रॅम्प आहे, पण भुयारी रेल्वेच्या निम्म्याहून जास्त स्टेशनांवर अजून पायऱ्यांशिवाय जाता येत नाही. म्हणजे रोज नकाशा काढून बसायचं आलं. शेवटी सिंगापूर. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनला लिफ्ट, हे एकच कारण तिला पुरेसं होतं. काय बघायचं हे आम्ही नंतर ठरवलं. आधी बाथरूम, लिफ्ट, फुटपाथ. प्रेक्षणीय स्थळं मागाहून. ऐकायला नीरस वाटेल, पण आमच्याकडे सुट्टी बिघडते ती बाथरूमच्या उंबऱ्यावर.

हॉटेलच्या साइटवर ‘अ‍ॅक्सेसिबल रूम’ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. त्याचा अर्थ प्रत्येक हॉटेलात निराळा. ईमेल करून बाथरूमचा फोटो मागवा. टब आहे की सपाट जमिनीवरचा शॉवर, दाराची रुंदी किती सेंटिमीटर, पलंग किती उंच, कमोडशेजारी धरायला दांडा कुठल्या बाजूला. जे हॉटेल उत्तर देत नाही त्याला तिथंच रामराम. आणि हॉटेल एकच घ्या. तीन शहरांत तीन हॉटेलं म्हणजे तीनदा नवी खोली, नवे आवाज, नवं बाथरूम. ग्रुप टूरबद्दल तर मी लिहीतच नाही. पहाटे बॅगा दाराबाहेर ठेवा म्हणणारी सहल आमच्यासाठी नाहीच.

विमानाचं थोडं सविस्तर सांगते, कारण ही माहिती एका जागी मिळत नाही. बुकिंग करताना मदत मागितली की तुमच्या नावापुढे चार अक्षरांचा कोड लागतो. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही जमत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत मदत हवी. नुसतं ‘व्हीलचेअर हवी’ म्हटलं की बऱ्याचदा पहिला कोड पडतो आणि मग विमानाच्या शिडीपाशी तमाशा. बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्वासाठी डीपीएनए असा वेगळा कोड आहे, तो फारच थोड्या पालकांना ठाऊक असतो. युरोपीय संघात ही मदत फुकट देणं कायद्यानं बंधनकारक आहे (२००६ चा नियम आहे), पण ४८ तास आधी कळवायचं. मी तो ४८ तासांचा हिशेब सगळीकडेच धरते आणि लेखी उत्तर जवळ ठेवते.

सूर्यफुलांच्या हिरव्या पट्ट्याबद्दलही बऱ्याच जणींनी विचारलं. न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी गळ्यात घालायचा तो पट्टा २०१६ मध्ये गॅटविक विमानतळावर सुरू झाला आणि आता अनेक देशांत चालतो. चांगली सोय आहे. पण घालायचा की नाही हे मुलानं ठरवायचं. माझ्या लेकीनं तो खिशात ठेवला. गळ्यात पाटी नको म्हणाली. बरोबरच आहे तिचं.

स्वतःची व्हीलचेअर विमानाच्या दारापर्यंत नेता येते का, हे आधी विचारून ठेवा. उशी आणि सुटणारे फूटरेस्ट काढून आत घ्या, खुर्चीचे चारही बाजूंनी फोटो काढा. आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ च्या माँट्रियल करारानुसार ती खुर्चीही सामानातच मोडते आणि नुकसानभरपाईला मर्यादा असते. खुर्ची महाग असेल तर चेक-इनच्या वेळी तिची जास्त किंमत जाहीर करायची तरतूद त्याच करारात आहे. बॅटरीची खुर्ची असेल तर बॅटरीचा प्रकार आणि वॉट-अवर (बॅटरीची क्षमता) लिहून ठेवा, ते विचारतातच.

आणि विमानातलं टॉयलेट. यावर कुणी बोलत नाही. जायला लागू नये म्हणून कितीतरी अपंग माणसं प्रवासात पाणीच पीत नाहीत. मग कोरडा घसा, डोकेदुखी, त्यात घबराट. दोन मार्गिकांच्या मोठ्या विमानात सहसा सीटपासून टॉयलेटपर्यंत नेणारी अरुंद चाकाची खुर्ची आणि जरा मोठं टॉयलेट असतं. एक मार्गिकेच्या लहान विमानात त्याची खात्री नाही. भाडं थोडं जास्त पडलं तरी मी विमान बघून तिकीट काढते.

औषधांच्या बाबतीत मात्र मी कुणाचंही ऐकत नाही, अगदी अनुभवी प्रवाशांचंही. ‘आम्ही तर अशाच नेल्या गोळ्या, कुणी विचारलं नाही’ हा पुरावा नव्हे. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम ही चिंतेवर दिली जाणारी औषधं १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रित आहेत आणि प्रत्येक देशाचे नियम वेगळे. सिंगापूरला चिंतेवरच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांसाठी आधी परवानगी काढावी लागते. जपानमध्ये एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) दिली जाणारी अँफेटामाइनची औषधं डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. त्या त्या देशाच्या आरोग्य खात्याची साइट बघायची, गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, सगळं केबिन बॅगेत. आणि ‘विमानात शांत झोपेल’ म्हणून नवी गोळी पहिल्यांदा विमानातच देऊ नका. काहींना तिनं उलट जास्त अस्वस्थ व्हायला होतं. घरी, डॉक्टरांना विचारून, आधी बघा.

आता मूळ प्रश्न, काळजीचा. लेक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते. खोली मिळेल ना? नक्की ना? आपण ‘हो गं, नक्की’ म्हणतो, तिला पाच मिनिटं बरं वाटतं आणि प्रश्न परत येतो. दर वेळी दिलेला दिलासा काळजीलाच खतपाणी घालतो, हे तिच्या समुपदेशक बाईंनी आम्हाला समजावलं. म्हणून एक वही केली. डाव्या पानावर काय होणार, उजव्या पानावर ‘तसं झालं नाही तर काय’. उजवं पान तिनंच लिहिलं. विमान उशिरा आलं तर. लिफ्ट बंद असेल तर. आई आजारी पडली तर (हे वाचून मला जरा गलबलून आलं, पण लिहिलेलं उत्तर चोख होतं). प्रश्न आला की एकदा उत्तर, पुढच्या वेळी वही. खोटा दिलासा एकही नाही. ‘काही होणार नाही’ हे वाक्य तर आम्ही हद्दपारच केलंय.

त्या वहीतलं शेवटचं पान होतं ‘मला परत घरी जायचं असेल तर’. ते खरं असावं लागतं. तारीख बदलता येणारं तिकीट, आईबाबांपैकी कोण तिच्याबरोबर परतणार आणि धाकट्या भावाबरोबर कोण थांबणार, हे निघण्याआधी ठरलेलं. हॉटेलच्या लॉबीत ती एकदा खरंच म्हणाली, जाऊ या परत. नवऱ्यानं फोनवर विमान काढून दाखवलं, किती जादा पैसे लागतील तेही दाखवलं. चेहरा न पाडता. ती बघत राहिली आणि म्हणाली, उद्या सकाळी ठरवू. सकाळी विषय निघाला नाही. निघाला असता तर गेलो असतो.

दिवसाला एकच कार्यक्रम, दुपारी खोलीत. ‘एवढे पैसे घालून आलोय तर’ हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल त्यानं एकट्यानं फिरून यावं असा नियम होता. मुलगा आणि नवरा आळीपाळीनं गेलेही. मीही एका संध्याकाळी एकटी फिरले आणि मला अजिबात अपराधी वाटलं नाही. सगळ्यांनी सगळं एकत्र बघायचं हा हट्ट कुणी घातला आपल्या डोक्यात?

परत आल्यावर ‘केवढं धाडस’, ‘तुम्ही ग्रेट’ सुरू झालं. लेकीला ते आवडत नाही. सुट्टीला गेलो होतो, पराक्रमाला नाही, असं तिचं म्हणणं. फोटो टाकायचे तर तिला विचारून. ही पोस्टही तिनं आधी वाचली, एक परिच्छेद काढायला लावला, काढला.

पुढच्या वेळी काका-काकूंना आमच्याबरोबर यायचंय. ते तारखा विचारतायत. लेकीनं अजून हो म्हटलेलं नाही, म्हणून त्यांना उत्तर द्यायचं राहिलंय. काकू, तुम्ही हे वाचत असालच.