नळाच्या पाण्यात फ्लोराइड टाकत नाहीत

‘अमेरिकेसारखं आपल्याकडेही नळाच्या पाण्यात फ्लोराइड टाकतात, पाणी उकळूनच प्या,’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. दात किडू नयेत म्हणून पाण्यात फ्लोराइड मिसळायला १९४५मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात सुरुवात झाली. भारतात तसं मिसळत नाहीत. आपलं दुखणं उलटं आहे: यवतमाळ, चंद्रपूरच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात खडकांतूनच फ्लोराइड उतरतं. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅमची, दुसरं पाणीच नसेल तर १.५. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे सांधे आखडतात. आणि उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, प्रमाण वाढतं. अशा गावात असाल तर बोअरचं पाणी तपासून घ्या, कृपा करून.