एबीएसचा फ्यूज काढून स्पीडोमीटर चालू होत नाही

शनिवारी संध्याकाळी भाचा काटोलहून आला. आठवडाभर फोनवर एकच सांगत होता, "मामा, मीटर काम नाही करून राहिलं." म्हणून तो चहा पीत होता तोवर मी चावी घेऊन गाडीत बसलो. चावी फिरवली आणि नजर गेली ती मीटरच्या काचेवर. उजव्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी काळी इन्सुलेशन टेप. ऑक्टोबरच्या उन्हानं तिच्या कडा सुटलेल्या, डिंक काचेवर पसरलेला. टेप उचलली. खाली एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागलेला होता.

"हे काहून लावलं?"

"व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं ना. फ्यूज काढायचा, अन् तरी दिवा नाही गेला तर टेप लावायची."

फ्यूज सापडला समोरच्या खणात, पेट्रोल पंपाच्या पावतीत गुंडाळून ठेवलेला. ह्या गाडीत माझी बहीण आणि तिची दोन नातवंडं रोज काटोल रोडनं येतात-जातात. मी नागपूरजवळच्या वाडीत बावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि हा मेसेज गेल्या महिन्याभरात मला चार जणांनी दाखवलाय. आजवर "असं काही करू नका" एवढं बोलून सोडून दिलं. आता मुद्देवार लिहितो.

मेसेज थोडक्यात असा: जीप, पिकअप, सात सीटरवाल्यांनो, स्पीडोमीटर बिघडलं की मेकॅनिक तुम्हाला लुटतो, हे पाच उपाय घरीच करा. एक, काटा थरथरत असेल तर केबलमध्ये वरून रॉकेल किंवा जुनं इंजिन ऑइल ओता. दोन, नव्या गाडीत मीटर बंद पडून एबीएसचा दिवा लागला तर एबीएसचा फ्यूज काढा, मीटर चालू होईल, दिवा नाही गेला तर त्यावर टेप लावा. तीन, कंपन्या मुद्दाम वेग जास्त दाखवतात म्हणजे किलोमीटर लवकर भरून वॉरंटी संपते, त्यावर उपाय मोठे टायर. चार, विदर्भाच्या उन्हात मीटरमधलं चुंबक कमजोर होतं, म्हणून दुपारी मीटरवर ओला टॉवेल टाका. पाच, मीटर बंद असल्याचं सिद्ध केलं तर वेगाचं चलान रद्द होतं.

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

एप्रिल 2019 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्यासाठी चारही चाकांपाशी एकेक सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या रिंगकडे बघून तो चाक किती वेगानं फिरतंय ते कळवत राहतो. जोरात ब्रेक दाबल्यावर एखादं चाक अडकायला लागलं तर एबीएसचं युनिट त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतं, पुन्हा धरतं, सेकंदात कितीतरी वेळा. म्हणून ब्रेक दाबूनही स्टिअरिंग हातात राहतं. आता मुख्य गोष्ट: पुष्कळ नव्या गाड्यांत गिअरबॉक्सवर वेगळा स्पीड सेन्सर नसतोच. ह्याच चार सेन्सरची माहिती एबीएस युनिटमधून मीटरकडे जाते आणि काटा हलतो. म्हणजे मीटरला वेग सांगणाराच तो. त्याचा फ्यूज काढून मीटर चालू होण्याची वाट बघायची म्हणजे विहिरीवरची मोटर बंद करून घरातला नळ बदलत बसायचं.

फ्यूज काढल्यावर साधा ब्रेक लागतो, हे खरं. म्हणूनच लोकांना वाटतं की काही बिघडलं नाही. पण चाक लॉक होण्यापासूनचं संरक्षण गेलं. शिवाय पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देण्याचं कामही बहुतेक गाड्यांत हेच युनिट करतं. ते गेलं की जोरात ब्रेक दाबताना मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात. उंच गाडी, मागची सीट रिकामी, रस्ता ओला, आणि मागचं चाक आधी अडकलं तर गाडी आडवी फिरते. हे सावकाश चालवताना कधीच कळत नाही. ज्या दिवशी समोर गाय येते त्या दिवशी कळतं.

आणि दिवा? युनिटला वीज मिळाली नाही तर दिवा लागावा अशीच त्याची रचना असते. फ्यूज काढून तो जाणारच नाही. हे मेसेज लिहिणाऱ्यालाही माहीत असणार, नाहीतर टेपचा सल्ला कशाला दिला असता? माझं ऐकू नका, फ्यूज ज्या खणात होता त्याच खणात गाडीचं माहितीपुस्तक होतं, ते उघडा. भाच्याला तिथेच बसवून ते पान वाचायला लावलं. त्यात स्वच्छ लिहिलंय: गाडी चालू असताना एबीएसचा दिवा लागलेला राहिला तर नेहमीचा ब्रेक चालेल पण एबीएस काम करणार नाही, गाडी लवकर तपासून घ्या. जवळपास प्रत्येक कंपनीच्या पुस्तकात हीच सूचना सापडेल. तीन वर्षांत ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर आलं नव्हतं, मेसेज मात्र पहिल्याच दिवशी अमलात आला.

आणखी एक. 1 जुलै 2019 पासूनच्या प्रवासी गाड्यांत 80 च्या वर गेलं की बीप वाजतो आणि 120 च्या वर तो सलग वाजत राहतो. गाडीलाच वेग कळत नसेल तर हा बीपही मुका. समृद्धी महामार्गावर तासन्‌तास सरळ रस्त्यानं जाताना वेगाचं भान सुटतं, तेव्हा तेवढाच एक आधार असतो.

मग बिघाड शोधायचा कसा? आधी बघा, काट्याबरोबर किलोमीटरचा आकडाही थांबलाय का. किलोमीटर वाढताहेत आणि काटाच पडून आहे, तर दोष बहुधा मीटरच्या आत. दोन्ही थांबले तर दोष मागे: फ्यूज, वायर, कनेक्टर, सेन्सर. भाच्याच्या गाडीत दोन्ही थांबले होते आणि एबीएसचा दिवाही होता. फ्यूज जागेवर बसवून स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या सेन्सरची माहिती पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावला आणि गाडी गल्लीत हळूहळू चालवली. पडद्यावर तीन चाकं ताशी 14, 14, 15 किलोमीटर दाखवत होती. मागचं डावं, शून्य. गाडी जॅकवर घेऊन चाक काढलं तर पावसाळ्यातली काळी माती वाळून विटेसारखी बसलेली. ती खरवडल्यावर दिसलं की सेन्सरची वायर धरून ठेवणारी क्लिप तुटली होती आणि वायर स्प्रिंगच्या पाट्याला घासून आतली तांब्याची तार उघडी पडून हिरवी झाली होती. एवढंच कारण. प्रत्येक गाडीत एका चाकामुळे मीटर बंद पडेलच असं नाही, काही गाड्यांत मीटर चालतं आणि फक्त दिवा लागतो. पण शोधायची वाट हीच. एक विनंती: ह्या वायरींना बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नका, मल्टीमीटर वापरा. बल्ब जास्त करंट ओढतो आणि शाबूत सेन्सरही जाऊ शकतो.

आता पहिला मुद्दा. ह्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. जुन्या केबलवाल्या गाड्यांत काटा थरथरतो तो बहुतेक वेळा केबल कोरडी पडल्यामुळे किंवा कुठेतरी तीव्र वळण घेतल्यामुळे. गिअरबॉक्सकडून येणारी आतली तार अडखळत फिरते, मधेच सुटते, काटा उडी मारतो. वंगण द्यायलाच हवं. पण वरून तेल ओतायचं नाही. आतली तार बाहेर काढा, पुसा, तिची दोन्ही चौकोनी टोकं झिजून गोल झालीत का बघा. मग खालच्या भागाला हलका ग्रीसचा हात द्या आणि मीटरकडची वीतभर तार कोरडीच ठेवा. तार फिरता फिरता तेल वर चढवते आणि ते मीटरच्या डोक्यात गेलं की खेळ संपला. रॉकेल तर असलेलं ग्रीसही धुऊन टाकतं. काटा थरथरत नसून पूर्ण पडलाच असेल तर केबल मीटरपासून सोडवा, मागची चाकं जॅकवर घेऊन स्टँडवर टेकवा, पुढच्या चाकांना दगड लावा आणि मागची चाकं हातानं फिरवा. तार फिरली तर मीटर खराब. नाही फिरली तर तार तुटलीय किंवा गिअरबॉक्सकडचा प्लास्टिकचा छोटा गिअर झिजलाय.

तिसरा. मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्त दाखवतं, हेही खरं, पण ती लबाडी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक 39 मध्ये मोजमाप दिलंय: मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, आणि जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी 4 किलोमीटर, त्यापलीकडे नाही. म्हणजे गाडी खरोखर 80 नं चालली असेल तर काटा 80 ते 92 च्या मध्ये कुठेही चालेल, 79 चालणार नाही. चूक झालीच तर ती माणूस सावकाश चालवेल अशा बाजूला व्हावी, एवढाच हेतू. काट्याची ही सूट किलोमीटर मोजण्याला तशीच्या तशी लागू होत नाही, त्यामुळे वॉरंटीचा मुद्दा इथे येत नाही.

मोठे टायर लावले तर उलटंच होतं. 215/75 आर 15 चा टायर साधारण 703 मिलिमीटर उंच, 235/75 आर 15 चा 733. फरक चार टक्क्यांहून थोडा जास्त. चाकाचा एक फेरा आता जास्त अंतर कापतो आणि मीटरला ते कळत नाही. काटा 80 वर, गाडी 83 च्या पुढे. कंपनीनं ठेवलेली सुरक्षित बाजू तुम्ही स्वतःच्या पैशानं खाऊन टाकली. मीटरवर शंका असेल तर शेजारी बसलेल्याला किलोमीटरच्या दगडांमध्ये मोबाइलवर वेळ मोजायला सांगा, काटा स्थिर ठेवून. 60 ला बरोबर एक मिनिट, 80 ला 45 सेकंद. जीपीएसही चांगलं, पण वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखाली त्याच्यावर विसंबू नका.

चौथा मुद्दा वाचून मला खरंच राग आला, कारण तो नागपूरच्या नावावर खपवलाय. जुन्या मीटरमध्ये फिरणारं चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला न टेकता ओढतं आणि बारीक स्प्रिंग काट्याला मागे धरते. 1902 मध्ये जर्मनीत ऑट्टो शुल्झे यांनी पेटंट घेतलेली ही रचना. साध्या फेराइट चुंबकाचं चुंबकत्व पूर्ण जायला 450 अंशांच्या आसपास तापमान लागतं. आपल्या 46-47 नं त्याला काही होत नाही. उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं, ग्रीस वाळतं, हे खरं. पण ओला टॉवेल टाकाल तर पाणी मीटरच्या मागच्या कनेक्टरमध्ये जाईल आणि नसलेला बिघाड तयार होईल. 2024 च्या मे अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले होते, आठवतं? देशभर बातमी झाली. हवामान खात्यानं तपासलं, सेन्सर चुकलेला निघाला. शेजारच्या केंद्रांशी ताडून बघितलं म्हणून ते सापडलं. मीटरचंही असंच ताडून बघावं लागतं.

पाचव्यावर फार बोलायचं नाही. पोलिसांची स्पीडगन तुमच्या मीटरला विचारून वेग मोजत नाही. उलट मोटार वाहन नियमांतला नियम 117 गाडीला स्पीडोमीटर असलंच पाहिजे असं सांगतो. बंद मीटरचा पुरावा घेऊन जाल तर सुटका राहिली बाजूला, स्वतःच्या तोंडानं दुसरी चूक कबूल कराल. वेगाचा दंड हलक्या गाडीला कलम 183 खाली 1,000 ते 2,000 रुपये आहेच.

मेकॅनिक लुटतात ह्या वाक्यावर लोक विश्वास ठेवतात, त्यालाही कारण आहे. न तपासता अख्खं मीटर बदलून देणारे आमच्या धंद्यात आहेत, मी पाहिलेत. अशा वेळी एवढंच विचारा: स्कॅनरवर कुठलं चाक शून्य दाखवतंय, मला दाखव. दाखवता आलं नाही तर गाडी दुसरीकडे न्या.

भाच्याच्या गाडीचा सेन्सर सोमवारी येईल. वायर जोडून काम भागवता आलं असतं, पण तिथे रोज चिखल-पाणी लागतं, जोड टिकणार नाही. टेपचा डिंक मी ओल्या फडक्यानं पुसून काढला. काचेवर थोडा डाग राहिलाय, पण त्याखालचा पिवळा दिवा आता नीट दिसतो. सेन्सर बसेपर्यंत तो लागलेलाच राहणार आहे. तोवर गाडी माझ्या दारात उभी आहे आणि बहीण एसटीनं काटोलला गेलीय.