याचा उपयोग काय?

आज लंच ब्रेकमध्ये मोबाईलवर पिच ड्रॉप नावाचा प्रयोग बघत बसले होते. काचेचं फनेल, त्यातून लोंबणारा काळाकुट्ट थेंब, आणि तो काही केल्या हलत नाही. मागून एक सहकारी डोकावला. "अगं, काय फालतू बघतेस? याचा उपयोग काय?" आणि लगेच स्वतःच्या रील्समध्ये डोकं खुपसलं. वा!

तेव्हा काही बोलले नाही, म्हणून आता इथे.

पिच म्हणजे डांबराचाच भाऊबंद. हातोडा मारला तर काचेसारखा तडकतो, पण असतो द्रव. हे विद्यार्थ्यांना दाखवायला थॉमस पार्नेल यांनी 1927 साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात तो तापवून फनेलमध्ये ओतला, तीन वर्षं बसू दिला आणि 1930 मध्ये फनेलचं टोक कापलं. 2014 पर्यंत खाली आले नऊ थेंब. पुढे ज्या जॉन मेनस्टोन यांनी तो पन्नासेक वर्षं सांभाळला, त्यांनी एकही थेंब पडताना पाहिला नाही. 1988 मध्ये काहीतरी प्यायला म्हणून जरा बाहेर गेले, तेवढ्यात पडला. 2000 मध्ये कॅमेरा लावला, तर ऐनवेळी कॅमेराच बंद! 2013 मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी नववा थेंब सुटला. हे वाचून ज्याच्या पोटात काही हलत नाही त्याला उपयोग काय समजावणार, कपाळ?

माझ्या भाचीला हे समजावावं लागलं नाही. सुट्टीत ती आली होती, तेव्हा तिला ॲशलिमन नावाच्या प्राध्यापकांची लोककथांची साइट उघडून दिली. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या पत्त्यावरची, ना चित्रं ना सजावट, नुसता मजकूर. पण एकाच गोष्टीची देशोदेशीची रूपं शेजारी शेजारी मांडलेली. तिला इंग्लंडमधल्या गॉथम गावच्या बारा 'शहाण्यांची' गोष्ट वाचून दाखवली. मासे मारून परतताना प्रत्येक जण मोजतो आणि स्वतःलाच विसरतो. अकराच! एक बुडाला म्हणून रडारड. शेवटी घोड्यावरून आलेला एक दरबारी प्रत्येकाच्या पाठीवर चाबूक ओढत बारा मोजून देतो. म्हणजे आपल्या वेदान्तातला 'दशमस्त्वमसि', 'दहावा तूच आहेस'च की! तिथेही मोजणारा स्वतःलाच विसरतो. तिथे मोक्ष, इथे चाबूक. भाची दोन दिवस घरभर माणसं मोजत फिरत होती, स्वतःला वगळून.

हो, मान्य, अशा साइट्सवर भंकसही भरपूर असते, आणि काहींचे रंग बघून डोळे दुखतात. पुढे.

1995 साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या दोन पोरांनी ऐन परीक्षेच्या आठवड्यात ट्विंकी नावाच्या केकवर प्रयोग केले. उंचावरून टाकला, पाण्यात बुडवला, त्यातून वीज जाते का पाहिलं, आणि शेवटी त्याला बुद्धी आहे का म्हणून ट्युरिंग टेस्टही घेतली. सगळं रीतसर, लॅब रिपोर्टच्या भाषेत लिहिलेलं. चेष्टा करायची तीही इतक्या निगुतीनं, हेच तर मला प्यारं आहे. आणि चुंबकाने बेडूक हवेत तरंगवला म्हणून 2000 मध्ये इग नोबेल, म्हणजे हसू आणणाऱ्या संशोधनाचं गमतीचं नोबेल, घेणारे शास्त्रज्ञ आंद्रे गाइम? 2010 मध्ये ग्राफीनसाठी, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थरासाठी, खरं नोबेल. हे मुद्दाम सांगायचं नव्हतं, कारण मग "बघ, उपयोग झालाच ना" म्हणायला हेच लोक पुढे. बेडकासाठीच टाळी वाजवा ना कधीतरी!

जाऊ दे. त्या बिचाऱ्याचीही काय चूक, शाळेपासून सगळ्यांना हाच प्रश्न विचारायला शिकवलंय.

भाचीला मात्र अजून कुणी शिकवलेलं नाही. पिचची गोष्ट ऐकून गेली आणि घरी जाऊन फनेलमध्ये अख्खी टूथपेस्ट पिळून ठेवली. बाजूला कागदावर तारीख, वेळ आणि 'हात लावू नये'. ताईचा मगाशीच फोन आला होता: तेल ओतायला फनेल हवंय आणि ही पोरगी देत नाही. मी सांगितलं, दुसरं आण.