म्हणे, अमेरिकेत असते तर…

१५ जानेवारीला खाशाबा जाधवांची जयंती आली की घरच्या ग्रुपवर ठरलेला वाद पेटतो. १९५२ला हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्य आणणाऱ्या माणसाला पद्म नाही, अर्जुन दिला तोही मरणोत्तर. इथपर्यंत मीही मान डोलावतो. मग चुलतदादा लिहितो, "अमेरिकेत असते तर डोक्यावर घेतले असते." आणि माझं डोकं फिरतं.

डोक्यावर कसं घेतात ते आम्हा डेट्रॉइटकरांना विचारा. जो लुइस अलाबामातून इथे आला, फोर्डमध्ये राबला आणि १९३७ ते १९४९ बॉक्सिंगमध्ये हेवीवेटचा जगज्जेता राहिला. २५ वेळा किताब राखला. १९३८ला जर्मन बॉक्सर श्मेलिंगला पहिल्याच फेरीत लोळवलं तेव्हा अख्खा देश त्याचा झाला होता. १९४२ला दोन लढतींची कमाई त्यानं नौदल आणि लष्कराच्या मदतनिधीला देऊन टाकली, स्वतःही सैन्यात गेला. इथल्या करखात्यानं त्या दान केलेल्या पैशांवरसुद्धा कर लावला! दरवर्षी एप्रिलमध्ये टॅक्स भरताना मला त्याची हटकून आठवण होते. थकबाकी फुगत गेली, म्हणून निवृत्त माणूस पुन्हा रिंगणात उतरला. १९५१ला बॉक्सर मार्सियानोनं त्याला दोरांपलीकडे फेकला. पुढे पोटासाठी नुरा कुस्त्या, आणि शेवटी लास वेगसच्या सीझर्स पॅलेसमध्ये पाहुण्यांशी हात मिळवायची नोकरी. १९८१ला गेला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगननी नियम बाजूला ठेवून आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत जागा दिली. अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावला तो श्मेलिंगनं.

आमच्या खाशाबांची निदान बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली, पोलिसात नोकरी लागली. (पेन्शनची कथा मी ग्रुपवर काढत नाही. दादा काढतोच.)

खरी ठसठस वेगळीच आहे. वादाच्या शेवटी दादा लिहितो, "म्हणूनच तर तू गेलास." मी काही कदर शोधत आलो नव्हतो, पगार बघून आलो. इकडच्या पॉटलकला कुणी भारताला नावं ठेवली की मी खाशाबा काढतो. तिकडे कुणी अमेरिकेचे गोडवे गायले की जो लुइस. दोन्हीकडचं वकीलपत्र मीच आपणहून घेतलेलं, आणि दोन्हीकडे मला परक्या पक्षाचा समजतात.

यंदा हे सगळं टाइप करून पाठवलं. दादाचं उत्तर आलं, "पण तिकडे त्याच्या मुठीची चोवीस फुटी मूर्ती तरी उभारली ना?"

उभारली. डेट्रॉइटच्या जेफर्सन अ‍ॅव्हेन्यूवर, १९८६ला. म्हणजे मरणोत्तरच.