निपाणीच्या वाचकांना उत्तर: बिद्दू आणि ‘दोनदा चिकटवलेला’ आवाज

लंडनमधला संगीतकार-निर्माता बिद्दू आणि ‘कुर्बानी’तल्या ‘आप जैसा कोई’साठी त्यानं दोन थरांत घेतलेला नाझिया हसनचा आवाज, यावरच्या माझ्या लेखाखाली निपाणीच्या एका वाचकांनी लिहिलंय: “गायक म्हणून चालला नाही म्हणून यंत्रांमागं लपला. नाझियाचा आवाज दोनदा चिकटवला, त्यात कसली करामत? ‘कुंग फू फायटिंग’ तर कार्ल डग्लसनंच लिहिलंय. बेळगावात बसून लंडनच्या गप्पा कशाला मारता?”

साहेब, मत वेगळं असू दे, पण ‘लपला’, ‘गप्पा’ ही काय बोलायची रीत झाली? कार्ल डग्लसचं तुमचं बरोबर. गाणं त्यानंच लिहिलं-गायलं, बिद्दू निर्माता; लेखात डग्लसला आणखी एक ओळ देता आली असती. बाकीचं मान्य नाही.

आवाज असा चिकटवता येत नाही. तोच टेक, म्हणजे एकदा गाऊन घेतलेलं रेकॉर्डिंग, कॉपी करून नेमका वर ठेवलात तर आवाज सहा डेसिबलनं मोठा होतो, जाड होत नाही. पाच-दहा मिलिसेकंद मागं सरकवलात तर काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात आणि गायिका पत्र्याच्या पाइपातून गातेय असं वाटतं. म्हणून तीच ओळ पुन्हा, वेगळ्या ट्रॅकवर गाऊन घ्यावी लागते. सुराचा आणि वेळेचा किंचित फरक आवाजाला भरीवपणा देतो. तो वाढला की दोन मुली गातायत असं होतं.

आधी दगा देतात ती व्यंजनं. ‘जैसा’मधला ‘स’ मागंपुढं झाला की दोन शिट्ट्या ऐकू येतात. त्यामुळं दुसऱ्या टेकमध्ये स, च, प मुद्दाम मऊ म्हणायला सांगतात आणि तो टेक मिक्समध्ये चार-पाच डेसिबल खाली ठेवतात. श्वास एकाच टेकचा ठेवायचा. टेपच्या काळात स्क्रीनवर बघून सरकवायची सोय नव्हती. चुकलेला शब्द पंच-इन करून, म्हणजे चालू टेपवर तेवढ्याच जागी रेकॉर्डिंग सुरू करून, पुन्हा घ्यायचा, आणि ते थांबवायला (पंच-आउटला) उशीर झाला की पुढचा चांगला शब्दही पुसला जायचा.

नाझिया तेव्हा पंधराच्या आसपासची. श्वास कुठं घ्यावा, ओळ कुठं सोडावी हे तिला सांगायला स्टुडिओच्या काचेपलीकडं स्वतः गायलेला माणूस असणं फार मोठी गोष्ट आहे. बिद्दू बेंगळुरूच्या ट्रोजन्स बँडमध्ये गायचा. लंडनला गेल्यावरही त्याच्या आवाजातल्या रेकॉर्ड निघाल्या. पुढं त्यानं केलेलं संगीत बघा: 1974 ला ‘कुंग फू फायटिंग’ ब्रिटन-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर, 1976 ला टीना चार्ल्स ब्रिटनमध्ये, 1980 ला ‘कुर्बानी’, 1981 ला ‘डिस्को दीवाने’, 1995 ला अलिशाचं ‘मेड इन इंडिया’. याला लपणं म्हणायचं असेल तर म्हणा.

राहिलं बेळगाव. मी टिळकवाडीत रेकॉर्डिंग करतो. मराठी-कन्नड गायकांचे आवाज डबल करणं हे माझं रोजचं काम आहे. गणपतीत ऑर्केस्ट्रावाले ‘आप जैसा कोई’ हेच गाणं एका माइकवर घेतात आणि जाडी यावी म्हणून मिक्सरचा इको वाढवतात. इकोनं शब्दाचं शेपूट लांबतं, आवाज भरत नाही. हे ऐकायला लंडनला जावं लागत नाही. हेडफोन लावून मूळ रेकॉर्ड ऐका, मग लिहा.